झिजलेल्या पत्त्याची किंमत

घरातली वस्तू वापरली की झिजते, आणि झिजली की तिच्याविषयीची माया वाढते, असा आपला सर्वांचा अनुभव आहे. आजीच्या जानमाजवर सजद्याच्या जागी कापड विरळ झालेले असते. म्हणून ती जानमाज कोणी टाकून देत नाही. अडकित्त्याची गुळगुळीत मूठ, पाट्याला पडलेला खळगा, पुस्तकाचे दुमडलेले कोपरे, या सगळ्या माणसाच्या हाताने वस्तूवर केलेल्या नोंदीच असतात. मात्र एका बाजारात हा न्याय अगदी उलटा चालतो. जगभर ज्यांना ट्रेडिंग कार्ड म्हणतात त्या चित्रपत्त्यांच्या बाजारात, ज्या पत्त्याला एकाही मुलाचे बोट लागले नाही त्याला सर्वांत मोठी बोली मिळते. ज्या पत्त्याने पन्नास मुलांना खेळवले, तो कवडीमोल ठरतो.

हा केवळ छंदाचा प्रश्न असता तर त्यावर एवढा कागद खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण एखाद्या वस्तूवर प्रेम करणे म्हणजे ती वापरणे की ती जपणे, आणि जपलेल्या वस्तूवर शेवटी हक्क कोणाचा, हे प्रश्न त्यात दडलेले आहेत. हे प्रश्न पत्त्यांपुरते राहत नाहीत. आपल्या भाषा, आपल्या रीती, आपल्या मशिदी-दर्ग्यांच्या जुन्या भिंती, आपल्या आजोबांची हस्तलिखिते, या सगळ्यांच्या बाबतीत आपल्याला तेच विचारावे लागते. म्हणून पत्त्यांपासून सुरुवात करू. लहान वस्तूवर विचार करताना माणसाला राग कमी येतो.

अकोल्याच्या जठारपेठेत १९९० च्या दशकात ज्यांचे लहानपण गेले त्या आमच्या पिढीला हे पत्ते दोन प्रकारांनी माहीत आहेत. पहिला प्रकार बबलगममधून निघणाऱ्या क्रिकेटच्या चित्रांचा. १९८७ चा रिलायन्स विश्वचषक भारत आणि पाकिस्तानात झाला, तेव्हापासून पुढे काही वर्षे ही चित्रे गल्लोगल्ली पोचली. चित्रावर धावांचा किंवा बळींचा आकडा असे आणि ठरावीक धावा जमल्या की बक्षीस मिळे. दुसरा प्रकार ट्रम्प कार्डांचा. स्टेशनरीच्या दुकानात पत्त्यांचा कॅट मिळे, त्यावर अमेरिकन पैलवानांचे फोटो, आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढल्या, किती जिंकल्या, असे आकडे. वरच्या पत्त्याचा एक आकडा सांगायचा, समोरच्याचा आकडा कमी निघाला की त्याचा पत्ता आपला. योकोझुना ज्याच्या हाती, तो वजन सोडून दुसरे काही क्वचितच विचारी.

या खेळाची कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रुजली आणि फिरत फिरत आमच्या ओट्यांवर आली, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. तेव्हा एवढेच कळत होते की उर्दू शाळेतला मुलगा आणि मराठी शाळेतला मुलगा, दोघेही ‘बायसेप्स’ हा शब्द याच पत्त्यावर पहिल्यांदा वाचतात आणि दोघेही तो सारखाच चुकीचा उच्चारतात. २००२ मध्ये त्या कुस्तीच्या कंपनीला वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी झालेल्या न्यायालयीन वादानंतर आपले नाव बदलावे लागले. पत्त्यांवर मात्र जुनेच नाव राहिले, आणि आज तेच जुने नाव पत्त्याचे वय सांगते.

ती कार्डे आज कुठे आहेत? बहुतेक घरांत नाहीत. पावसाळ्यात ओली झाली, चुलीत गेली, रद्दीत गेली, चड्डीच्या खिशात धुतली गेली. जी उरली आहेत त्यांचे कोपरे गोल झालेले, चेहऱ्यावर सुरकुती, मागे बॉलपेनने लिहिलेले मालकाचे नाव. बाजाराच्या भाषेत ही सगळी ‘खराब’ कार्डे होत. आमच्या मते त्या कार्डांनी आपले काम पूर्ण केले होते.

इथे कोणी म्हणेल की हा निव्वळ गहिवर आहे. बाजाराचा न्याय आधी नीट समजून घ्यावा हे योग्यच. म्हणून थोडा इतिहास पाहू.

या पत्त्यांचे कूळ काही फारसे पवित्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि मग ब्रिटनमध्ये सिगारेटच्या कागदी पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत. त्या तुकड्यावर चित्र छापले तर जाहिरातही होईल, असे कंपन्यांच्या लक्षात आले. मग चित्रांना क्रमांक पडले, पंचवीसाचे किंवा पन्नासाचे संच झाले. राजे, पक्षी, जहाजे, फुले, खेळाडू असे विषय आले. क्रमांक टाकण्यातच सगळी युक्ती होती. बत्तीस नंबर आहे, चौतीस आहे, तर तेहतीस कुठे आहे, ही हुरहूर ग्राहकाला पुन्हा दुकानात नेई. बापाने ओढलेल्या सिगारेटच्या पाकिटासाठी मुले रस्त्यात लोकांना अडवत. ब्रिटनमध्ये १९४० मध्ये युद्धाच्या कागदटंचाईमुळे हा प्रकार थांबला. तोवर दोन पिढ्यांना संच पुरा करण्याची सवय लागून गेली होती.

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात एका तंबाखू कंपनीने बेसबॉलपटूंचा मोठा संच काढला. त्यात होनस वॅग्नर या नामांकित खेळाडूचा पत्ता फार थोडा छापला गेला, कारण त्याने आपले चित्र वापरण्यास हरकत घेतली. लहान मुलांनी आपल्यापायी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला असे काही सांगतात. त्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून, असे काही सांगतात. कारण कोणतेही असो, आज त्या पत्त्याच्या साठेक प्रती ज्ञात आहेत आणि २०२२ मध्ये त्यांतली एक साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली. एका माणसाच्या ‘नाही’ म्हणण्याची ही किंमत आहे. नकार नैतिक असेल तर त्याची किंमत इतरांच्या खिशात जाते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९५२ मध्ये टॉप्स नावाच्या कंपनीने बेसबॉलचा एक संच काढला. हंगाम संपत आल्यावर त्याचा शेवटचा भाग बाजारात आला आणि खपला नाही. गठ्ठे वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिले. जागा अडते म्हणून १९६० मध्ये ते ट्रकमध्ये भरून बोटीवर चढवले आणि अटलांटिक समुद्रात बुडवले, अशी हकीकत तो संच घडवणारे साय बर्गर यांनीच सांगून ठेवली आहे. त्याच संचातल्या मिकी मँटल या खेळाडूचा एक कोरा पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे शंभर कोटी रुपयांना, विकला गेला. जे समुद्रात गेले त्यांच्यामुळे जे उरले त्यांना मोल आले. वस्तू तीच, चित्र तेच, कागद तोच.

वऱ्हाडातल्या माणसाला हा हिशेब परका नाही. कापसाच्या हंगामात ज्याला घरात पैसा हवा असतो तो बोंड फुटताच गाडी भरून बाजारात जातो. ज्याच्याकडे गोदाम आहे आणि थांबण्याची ताकद आहे, तो गाठी ठेवून देतो. भाव थांबणाऱ्याला मिळतो, पिकवणाऱ्याला मिळत नाही. पत्त्यांच्या बाजारातही ज्या मुलाने पत्ता खेळून झिजवला त्याला काही मिळत नाही. ज्याने तो न उघडता ठेवला, किंवा ज्याला ठेवणे परवडले, त्याला मिळते.

मग कोरेपणाची खात्री कोणी द्यायची? त्यासाठीही धंदा उभा राहिला. १९९१ मध्ये अमेरिकेत पीएसए नावाची संस्था निघाली. ती पत्ता भिंगाखाली पाहते, कोपरे, कडा, छपाई तपासते, एक ते दहा असा गुण देते आणि पत्ता कठीण प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करते. दहा गुण म्हणजे अस्पर्श. या संस्थेने गुण दिलेला सर्वांत पहिला पत्ता वॅग्नरचाच होता. त्याला आठ गुण मिळाले, इतका जुना पत्ता इतका सुबक कसा राहिला याचे लोकांना नवल वाटले, आणि २००७ मध्ये तो २८ लाख डॉलरला गेला. पुढे २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयासमोर कबूल केले की तो पत्ता विकण्यापूर्वी आपणच त्याच्या कडा कापल्या होत्या. म्हणजे अस्पर्शतेचे जे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून मिरवले गेले, त्याला कात्री लागलेली होती.

यात एका फसवणाऱ्या माणसापलीकडचे काही आम्हांला दिसते. ज्या बाजारात झीज हा दोष ठरतो, तिथे झीज लपवणे हे कौशल्य ठरणारच. माणसाच्या बाबतीतही असेच नाही का होत? ज्या समाजात फक्त डाग नसलेल्या चारित्र्यालाच भाव असतो, तिथे लोक चारित्र्य सुधारण्याऐवजी कडा कापून घ्यायला शिकतात.

इथवर आलो म्हणजे संग्राहकाला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे केले, असे वाटेल. पण न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सगळेच आमच्यासारखे असते तर पहिल्या संचांतले आज काहीही उरले नसते. खेळणारा वस्तू संपवतो हे खरेच आहे. जपणारा कोणी नसता तर शंभर वर्षांपूर्वीची मुले कशाने हरखून जात होती, हे आपल्याला कधी कळलेच नसते.

जेफरसन बर्डिक यांचे उदाहरण इथे आवर्जून सांगावेसे वाटते. हे अमेरिकेतल्या सिराक्यूज शहरात कारखान्यात काम करणारे साधे गृहस्थ. सांध्यांच्या विकाराने शरीर आखडत चाललेले. पत्ते आणि छापील चित्रे गोळा करण्यात त्यांनी आयुष्य घालवले, त्यांची वर्गवारी केली, सूची छापली. आज जे संग्राहक पत्त्याला अक्षर-क्रमांकाने ओळखतात ती पद्धत त्यांचीच. १९४७ पासून त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. तीन लाखांहून अधिक वस्तू त्यांनी स्वतःच्या दुखऱ्या हातांनी वह्यांत लावल्या. १९६३ च्या जानेवारीत काम पुरे झाले आणि मार्चमध्ये ते वारले. त्या संग्रहात वॅग्नरचा पत्ताही आहे.

आता गंमत अशी, की बर्डिक यांनी पत्ते वह्यांत चिकटवले. आजच्या गुणपद्धतीने पाहिले तर मागे डिंक लागलेला पत्ता जवळजवळ बाद. म्हणजे या बाजाराचा जो पाया घालणारा माणूस, त्याच्या हाताने पत्त्यांची ‘किंमत’ गेली. पण त्यांना विकायचेच नव्हते. पाहणाऱ्याला ते क्रमाने पाहता यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. एकाच कृतीने पत्त्याची किंमत कमी झाली आणि त्याचा उपयोग वाढला.

आपल्याकडे यासाठी एक जुना शब्द आहे, वक्फ. मूळ वस्तू रोखून ठेवायची आणि तिचा लाभ वाहता ठेवायचा, हा त्याचा गाभा. विहीर वक्फ केली की ती कोणी विकायची नाही, पाणी मात्र सर्वांनी प्यायचे. बर्डिक यांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांनी केले ते त्याच जातीचे होते. आणि बंद पेटीत, तिजोरीत, पुढच्या लिलावाची वाट पाहणारा पत्ता हे त्याचे उलटे टोक: तिथे वस्तूही रोखलेली आणि लाभही रोखलेला.

फिकहमध्ये साठेबाजीला इहतिकार म्हणतात. भाव चढावा म्हणून माल दडवणे निषिद्ध आहे. मात्र पुष्कळ फकीहांनी ही बंदी अन्नधान्यासारख्या गरजेच्या वस्तूंपुरती मानली आहे. खेळाच्या पत्त्यावाचून कोणी उपाशी मरत नाही, तेव्हा संग्राहकावर इहतिकारचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. आम्ही तसे करत नाही. पण कायद्याच्या बाहेरही वृत्ती नावाची गोष्ट असते. कुरआनने जमवण्याच्या आणि मोजत बसण्याच्या वृत्तीबद्दल वारंवार सावध केले आहे. तिथे प्रश्न वस्तू कोणती हा नाही. मोजणाऱ्याचे मन कुठे अडकले हा आहे.

ही वृत्ती खेळणाऱ्याच्या आड कशी येते, याचे एक ठळक उदाहरण आहे. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक’ नावाचा पत्त्यांचा खेळ काढला. पत्ते पाकिटातून विकत घ्यायचे, आपापला संच बांधायचा आणि दुसऱ्याशी खेळायचे. खेळ इतका चालला की लोक सुरुवातीचे पत्ते शोधू लागले. खेळणाऱ्यांना ते मिळावेत म्हणून कंपनीने १९९५ मध्ये काही जुने पत्ते पुन्हा छापले. जुन्या पत्त्यांचे भाव पडले आणि संग्राहकांनी गहजब केला. तेव्हा १९९६ मध्ये कंपनीने यादीच जाहीर केली, की हे अमुक पत्ते आम्ही पुन्हा कधीही छापणार नाही. तो शब्द तिने आजवर धरला आहे. २०२२ मध्ये तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने त्यांतल्या काहींच्या प्रतिकृती निघाल्या, त्याही अधिकृत स्पर्धेत न चालणाऱ्या, आणि साठ पत्त्यांची किंमत ९९९ डॉलर. ज्या कागदाला छापायला काही पैसे लागतात, तो गरीब खेळाडूला मिळू नये असे वचन दिले गेले, आणि ते पाळले जाते म्हणून वाखाणलेही जाते. वचन पाळणे चांगलेच. पण वचन कोणाला दिले आणि कोणाच्या जिवावर, हेही पाहिले पाहिजे.

याच खेळाच्या पहिल्या नियमांत आणखी एक गोष्ट होती. खेळण्यापूर्वी दोघांनी आपापला एक पत्ता डावावर लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे. पुढे हा नियम मागे पडला. आमच्या ओट्यांवरही दोन रीती होत्या: ‘खरे’ खेळायचे, म्हणजे जिंकलेले पत्ते परत द्यायचे नाहीत, आणि ‘खोटे’ खेळायचे, म्हणजे डाव संपला की ज्याचे त्याला. घरातली वडीलधारी माणसे खऱ्या खेळाला जुगार म्हणत, आणि त्यांचे म्हणणे उगाच नव्हते. २००१ मध्ये सौदी अरेबियाच्या मुफ्तींनी पोकेमॉनच्या पत्त्यांविरुद्ध फतवा दिला, त्यातला एक आक्षेप जुगाराचाच होता. त्यातल्या बाकी आक्षेपांविषयी मतभेद होऊ शकतात. पण बंद पाकिटात काय आहे हे न सांगता ते मुलाला विकणे, यात फिकह ज्याला गरर म्हणतो ती अनिश्चितता आहे, हे नाकारता येत नाही. धर्माचा आधार न घेणाऱ्यांनाही हे पटले आहे. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकाने व्हिडिओ गेममधल्या अशाच बंद पेट्यांना जुगार ठरवले. सिगारेटच्या पाकिटातला तेहतीस नंबर आणि मोबाइलच्या पडद्यावरची चमकणारी पेटी, ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. पहिल्या संचांचा हाही वारसाच आहे, आणि तो नाकारून चालणार नाही.

मात्र याच अनिश्चिततेतून एक चांगली गोष्टही निघाली. पाकीट बंद असल्यामुळे एकच चित्र दोनदा निघे. आमच्याकडे त्याला ‘डबल’ म्हणत. डबल निघाले की पोराला घराबाहेर पडावे लागे. ‘तुह्याकडं डबल हाय का बे?’ हा प्रश्न जठारपेठेत विचारला जाई, आणि त्याचे उत्तर ‘मेरे पास है, चल घर’ असे येई. संच एकट्याने पुरा होत नसे. आपल्याकडे जे जास्त आहे तेच दुसऱ्याकडे कमी आहे, आणि दुसऱ्याकडे जे जास्त आहे त्यावाचून आपले अडले आहे, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नाही, ते त्या डबलने शिकवले. त्या देवाणघेवाणीसाठी मोहल्ला ओलांडावा लागे, कोणाच्या तरी आईच्या हातचे पाणी प्यावे लागे. अकोल्याने दंगलींची झळ अनेकदा सोसली आहे. मे २०२३ मध्येही जुन्या शहराने ती सोसली. पत्त्यांची देवाणघेवाण दंगल थांबवते असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो, की ज्या घराचा उंबरा लहानपणी आपण ओलांडलेला असतो, त्या घराविषयी ऐकलेली अफवा गिळायला जड जाते.

आजच्या बाजाराने हा डबल अनावश्यक केला. हवा तो पत्ता घरबसल्या पैसे टाकून मागवता येतो. संच पुरा होतो, माणूस अपुरा राहतो. आमच्या दृष्टीने पहिल्या संचांचा खरा वारसा जर कुठे गमावला असेल तर तो इथे.

आता आपल्या मातीतले उदाहरण घेऊ, कारण जपणे आणि वापरणे यांतला पेच तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. चित्रपत्त्यांचा आपल्याकडचा सर्वांत जुना संच म्हणजे गंजिफा. गोल, हाताने रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले पत्ते. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफ्याचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळच्या गंजिफ्याचे वर्णन अबुल फझलने आइन-ए-अकबरीत केले आहे. मोगल गंजिफ्यात ताज, शमशेर, गुलाम, चंग असे आठ रंग आणि ९६ पत्ते. श्रीमंतांच्या हस्तिदंती पत्त्यांना दरबार कलम म्हणत, सामान्यांच्या कागदी-कापडी पत्त्यांना बाजार कलम. हा खेळ या देशात रुळला, तेव्हा रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि १२० पत्त्यांचा दशावतारी गंजिफा झाला. खेळाची सुरुवात दिवसा रामाच्या पत्त्याने आणि रात्री कृष्णाच्या पत्त्याने करायची, असा त्याचा नियम. नाव फारसी, चित्र दशावतारी, आणि खेळणारे कोणीही. याहून चांगली देवाणघेवाण कोणती असेल?

महाराष्ट्रात ही कला सावंतवाडीत टिकली, तीही थोडक्यात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे ती जाणणारे उरले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले या दांपत्याने त्यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले, पत्ते पुन्हा घडू लागले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे काम मोठे आहे, आणि ज्यांनी केले त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण हे पत्ते विकत घेणाऱ्यांपैकी किती जण डाव मांडतात? बहुतेक संच काचेच्या चौकटीत जातात, भेट म्हणून दिले जातात, दिवाणखान्यात शोभून दिसतात. चित्र वाचले, खेळ मागे पडला. आम्ही इथे तक्रार करायला धजत नाही, कारण शोभेसाठी घेणारे नसते तर कारागिराची चूल पेटली नसती आणि चित्रही गेले असते. खेळणाऱ्याने पत्ता झिजवला तर कारागिराला नवा करायला मिळतो, हेही खरे. पण त्यासाठी आधी खेळणारा हवा, आणि तो जपणाऱ्याने तयार केलेला नाही. जपणारा नसेल तर खेळणाऱ्याला पत्ता मिळत नाही, आणि खेळणारा नसेल तर जपणाऱ्याच्या हाती पत्त्याचे कलेवर उरते. दोघांनाही एकमेकांचा डबल हवा आहे.

म्हणून आम्हांला वाटते, अमुक जपावे की तमुक वापरावे असा निवाडा करण्याऐवजी जपणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. तू जे जपतोस ते कोणाला दाखवतोस का? त्याची प्रत निघावी, खेळ पुन्हा चालावा, याला तुझी हरकत आहे का? आणि तुझ्या मागे ते कोणाचे होणार? पहिल्याचे उत्तर ‘हो’, दुसऱ्याचे ‘नाही’, आणि तिसऱ्याचे ‘सर्वांचे’ असे आले, तर तो माणूस अमानतदार आहे. मग त्याने पत्ता तिजोरीत ठेवला तरी चालेल. उत्तरे उलटी आली, तर त्याच्याकडे संग्रह आहे, वारसा नाही.

खेळणाऱ्यालाही एक प्रश्न विचारायला हवा, नाहीतर आम्ही पक्षपाती ठरू. जे तू वापरून संपवलेस, ते पुढच्याला मिळावे म्हणून तू काय ठेवलेस? निदान नियम तरी सांगितलास का? ट्रम्प कार्डे गेली, हरकत नाही; पण डाव कसा मांडायचा, डबल कसा बदलायचा, हरल्यावर पत्ता कसा निमूटपणे द्यायचा, हे आपल्या मुलांना सांगायला पैसा लागत नाही. बाप मोबाइलमध्ये आणि मूल मोबाइलमध्ये, अशा घरात हे सांगितले जात नाही, ही अडचण आहे. ती बाजाराच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

हेच तीन-चार प्रश्न पत्त्यांपलीकडे नेऊन पाहावेत. वऱ्हाडातल्या मुस्लिम घरांत जी मिश्र बोली आहे, थोडी उर्दू, थोडी वऱ्हाडी, ती आज एक तर हसण्यावारी नेली जाते किंवा संशोधनाच्या वहीत नोंदली जाते. वहीत नोंद व्हावी, जरूर व्हावी. पण बोली वहीत शुद्ध राहते आणि तोंडात झिजते, बदलते, तिचे कोपरे गोल होतात. आणि तोंडातली बोलीच जिवंत असते. गुण देणारा कोणी आला आणि म्हणाला की तुमच्या बोलीला दहापैकी दोनच, तर त्याला सांगावे, की हो, कारण ती आम्ही रोज वापरतो.